व्यसनमुक्तीचं केंद्रीय अनुदान: खाटेपर्यंत ठीक

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ‘एनएपीडीडीआर’ (नशेची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा) या योजनेला पाचपैकी तीन तारे. हिच्यातून संस्थांना आयआरसीए म्हणजे निवासी उपचार केंद्र, ओडीआयसी म्हणजे वस्तीतलं ये-जा करण्याचं केंद्र आणि सीपीएलआय म्हणजे किशोरांमध्ये समवयस्कांकरवी होणारं काम, यांसाठी पैसा मिळतो. खर्चाचे मथळे आधीच ठरलेले असल्याने अंदाजपत्रक करणं सोपं जातं. मात्र एका मथळ्यात उरलेला पैसा दुसरीकडे वळवायचा म्हटलं की हात बांधलेले.

आधी कागद. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार येतात. त्यामुळे रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. मग नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलचा आयडी, पीएफएमएसला (सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या प्रणालीला) जोडलेलं बँक खातं, आणि त्यानंतर मंत्रालयाच्या ई-अनुदान पोर्टलवर प्रस्ताव. महाराष्ट्रातल्या संस्था अडकतात त्या बहुतेकदा विश्वस्तांच्या यादीवर. दर्पणवर नवी नावं भरलेली असतात, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचा अर्ज) पडून असतो आणि शेड्यूल वनवर, म्हणजे तिथल्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, जुनेच विश्वस्त दिसतात. प्रस्ताव लिहायला घेण्याआधी त्या चेंज रिपोर्टच्या मागे लागा. संस्थेचं नावही पॅन, बँक आणि नोंदणी प्रमाणपत्रावर अक्षरन् अक्षर एकच हवं. एकीकडे ‘ट्रस्ट’ आणि दुसरीकडे ‘न्यास’ असलं तरी त्रुटीपत्र येऊ शकतं.

पैसा हप्त्यांनी येतो, आणि मंजुरीपत्र हातात पडलं म्हणजे खात्यात रक्कम आली असं नव्हे. समुपदेशक-परिचारिकांच्या निदान सहा महिन्यांच्या पगाराची तजवीज नसेल तर या वाटेला जाऊ नये. पगार रखडले की आधी अनुभवी माणसं जातात. जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत द्यायचं असतं. पण पुढचा पैसा त्यावरच अडतो, तेव्हा लेखापरीक्षण जूनपर्यंत उरकलेलं बरं. आणि अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज संस्थेचं नसतं, ते भारताच्या एकत्रित निधीत भरावं लागतं. किराणा-औषधांत ते जिरवलं की हिशेब तिथेच फाटतो.

दोन तारे कापले ते ओव्हरडोसपायी. योजनेचा साचा भरती, समुपदेशन, जनजागृती आणि पाठपुरावा यांचा आहे. गर्द (हेरॉइन) ओढणाऱ्याला जिवाचा धोका वाढतो तो मात्र केंद्रातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत. शरीराची सवय मोडलेली असते, माणूस जुन्याच मात्रेने सुरुवात करतो, श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. इथे नॅलोक्सोन, म्हणजे गर्दसारख्या अफूवर्गीय नशेचा असर उतरवणारं इंजेक्शन, लागतं: ०.४ मिलिग्रॅम स्नायूत, फरक न दिसल्यास दोन-तीन मिनिटांनी पुन्हा, आणि तोवर कृत्रिम श्वास व १०८. असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. पोटात मेथाडोनसारखं रेंगाळणारं अफूवर्गीय औषध असेल तर शुद्धीवर आलेला माणूस परत बेशुद्ध होतो, म्हणून त्याला लगेच एकटं सोडायचं नाही. हे इंजेक्शन डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. घरच्यांना ते देऊन शिकवणं या साच्यात बसवलेलंच नाही. (एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, गोष्ट निराळी. मेफेड्रोन उत्तेजक असल्याने नॅलोक्सोनचा त्यावर उपयोग नाही. अंग तापलं, छातीत दुखलं, झटके आले की थेट रुग्णालय.)

एम्सच्या २०१९ च्या अहवालात सुईने नशा करणारे देशात अंदाजे साडेआठ लाख आहेत. त्यांच्यासाठीच्या नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) टीआय, म्हणजे जोखमीच्या गटांसाठीच्या लक्ष्यित प्रकल्पांत ओव्हरडोसची हाताळणी आणि ब्युप्रेनॉर्फिनचं ओएसटी (नशेऐवजी पर्यायी औषध देण्याचा उपचार), दोन्ही येतात. जिल्ह्यात असा प्रकल्प असेल तर ओडीआयसीच्या प्रस्तावासोबतच त्यांच्याशी रेफरलचं लेखी पत्र करून जोडावं, आणि डिस्चार्जच्या कागदावर १४४४६ हा मोफत हेल्पलाइन नंबर छापतात तिथेच टीआय कार्यालयाचा पत्ताही छापावा.