नोकरी करत पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.: तीन सेमिस्टरनंतर, आणि त्या बीओडीच्या बाटलीबद्दल

फी, क्रेडिट, विषय हे सगळं माहितीपत्रकात आहे, या अभिप्रायात त्यात शिरत नाही. मी यवतमाळच्या झरी जामणी तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारची सकाळची शाळा झाली की एसटी, रविवारी रात्री परत. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून हे जमलं. पूर्ण तिकीट असतं तर पहिल्याच सेमिस्टरला रामराम ठोकला असता.

आता बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजणं. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशांवर 3 दिवसांची. संपर्कवर्ग शनिवार-रविवार. शनिवारी ठेवलेली बाटली मंगळवारी बघायची, आणि मंगळवारी मी सातवीच्या वर्गात! वेळापत्रक आखणाऱ्याला बोटं मोजता येत नाहीत का? अभ्यासकेंद्रावर तोडगा असा की सरांनी फळ्यावर विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे लिहिले, पहिल्या दिवशी 7.2, तिसऱ्या दिवशी 5.1, आणि आम्ही सगळ्यांनी जर्नलात उतरवले. बाटली ठरलेल्या तापमानाला ठेवायचा इनक्युबेटर कोपऱ्यात होता. प्लग काढलेला, वर टॉवेल. टॉवेल मात्र स्वच्छ धुतलेला.

इथवर मी दिवाळीत लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन.

मग फ्लोराइडचं प्रॅक्टिकल झालं. शाळेच्या हातपंपाचं पाणी मी डब्याच्या पिशवीतून नेलं होतं. लाल रंगाचा अभिकर्मक टाकायचा. फ्लोराइड जितकं जास्त तितका रंग फिका. माझी नळी सगळ्यांत फिकी. स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. आमचं पाणी त्याच्याही वर. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेल्या एका पोराला मी वर्गात उभं करून विचारलं होतं, "खर्रा खातो का रे?" खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी. तो काही बोलला नव्हता. असे पट्टे जास्त फ्लोराइडनेही पडतात. तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, हेही मला त्याच आठवड्यात कळलं. बारा वर्षं विज्ञान शिकवून.

म्हणून दोन तारे वाढवते. पण बीओडी सोडणार नाही.

सप्टेंबरात शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट आपोआप 27-28 अंशांवर असतं, हे थर्मामीटर ठेवून पाहिलं होतं. पुढच्या सप्टेंबरात बीओडीच्या दोन बाटल्या विकत आणल्या, तालुक्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून विरजण मागावं तशी रसायनं मागितली. शुक्रवारी गावाखालच्या नाल्यात, जिथे म्हशी बसतात तिथे, बुडबुडा न राहू देता बाटल्या भरल्या. सासूबाई म्हणाल्या, "नाल्याचं पाणी बाटलीत कायले भरतं वं माय?" एक बाटली लगेच तपासली, दुसरी कपाटाच्या अंधारात.

सोमवारी मधल्या सुट्टीत दुसरी काढली. तपकिरी साका बसला, आम्लात विरघळला, स्टार्च टाकल्यावर निळं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना निळं एकदम गेलं. ऑक्सिजन लिटरला 6.8 मिलिग्रॅमवरून 3.1. म्हणजे बीओडी 3.7, आंघोळीच्या पाण्याला 3 ची मर्यादा आहे.

जर्नलात फळ्यावरचे आकडे खोडून हे लिहिले. सर म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचं एकसारखं ठेवा ना, परीक्षक विचारतात." मी खोडलेलं तसंच ठेवलं. सही झाली, दोन मार्क कमी.

चौथ्या सेमिस्टरची फी भरली आहे. बाटल्या माझ्या आहेत, केंद्रावर ठेवणार नाही.