बचत गटाचं नाचणी सत्व घेतलं, कसं वाटलं ते

धाकटी आठ महिन्यांची आहे, तिच्यासाठी सोसायटीत भरलेल्या बचत गटाच्या स्टॉलवरून घेतलं हे. पाव किलो 180 रुपये, म्हणजे स्वस्त नाही, पण नाचणी भिजवा, मोड आणा, वाटा, फडक्यातून गाळा, साका खाली बसू द्या, वरचं पाणी ओता आणि मग वाळवा, एवढं सगळं कडेवर बाळ घेऊन कोण करणार? साखर, दूध पावडर, व्हॅनिला काहीच नाही, हे मला सगळ्यात आवडलं कारण बाजारातल्या बऱ्याच डब्यांवर मागे बारीक अक्षरात साखर असतेच, आणि वर्षाच्या आत साखर, मीठ, मध नकोच म्हणतात डॉक्टर.

गार पाण्यात आधी कालवून मगच गॅसवर ठेवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं, वरून थोडं तूप. बाईसाहेब वाटी चाटूनपुसून संपवतात 😄 मोठा मात्र "चॉकलेट आहे?" विचारून एक घास खातो आणि पळतो.

एक सांगते, गाळल्यामुळे चोथा निघून जातो, म्हणून मोठ्या मुलांना सत्वापेक्षा सरळ नाचणीचं पीठच द्या, भाकरी नाहीतर डोसे. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते पिठात छान मिळतं.

पॅकिंग मात्र अगदीच साधं, झिप नाही, तारखेचा शिक्का पुसट. आणल्याआणल्या काचेच्या बरणीत काढा, पावसाळ्यात फ्रीजमध्ये. पाचपैकी चार, परत घेणार.