डिजिटल चित्रचौकट : अकरा महिन्यांच्या वापरानंतर आणि एका कापलेल्या सूर्यानंतर

दिवाणखान्यातली आमची बत्तीस इंची डिजिटल चित्रचौकट, म्हणजे भिंतीवर चित्रे दाखवणारा पडदा, दहाव्या महिन्यात एका संध्याकाळी अचानक काळी पडली आणि सेवा केंद्रातून ती परत यायला एकोणीस दिवस लागले. हा अनुभव खरे तर त्या एकोणीस दिवसांच्या रागातून लिहायला घेतला होता, पण लिहिता लिहिता लक्षात आले की माझा मुख्य राग बिघाडावर नाहीच, तो त्याच्या बराच आधीपासून साठत आलेल्या वेगळ्याच गोष्टीवर आहे. पडदा किती स्पष्ट, रंग किती खरे, भिंतीवर कशी बसते, हे घेऊ पाहणाऱ्यांनी आधीच वाचलेले असते, म्हणून ते गाळते. पडद्याला चकाकी नसल्यामुळे त्यात समोरची खिडकी दिसत नाही आणि चित्र छापील कागदासारखे शांत वाटते, एवढा एक गुण मात्र मोकळेपणाने मान्य करते.

आता त्या दोषाबद्दल. या चौकटीत ‘पडदा पूर्ण भरा’ अशी एक सोय मुळातच चालू असते. पडद्याचे रुंदी-उंचीचे प्रमाण सोळास नऊ, आणि जगातल्या फार थोड्या चित्रकारांनी या प्रमाणात चित्रे काढलेली आहेत. त्यामुळे पडदा भरायचा म्हणजे चित्र वरून आणि खालून कापायचे. डच चित्रकार व्हर्मीरने १६६० च्या सुमारास रंगवलेले दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे चित्र घ्या. ते ४५.५ सेंटिमीटर उंच आणि ४१ सेंटिमीटर रुंद आहे. पूर्ण रुंदी राखून ते या पडद्यावर बसवले, तर उंचीतले जेमतेम २३ सेंटिमीटर उरतात, म्हणजे जवळजवळ निम्मे चित्र जाते. वर भिंतीला टांगलेली टोपली आणि पितळी भांडे जाते, खाली जमिनीलगतच्या निळ्या नक्षीच्या फरश्या जातात, आणि उजव्या कोपऱ्यात ठेवलेली पाय शेकण्याची लाकडी पेटी तर पूर्णच नाहीशी होते. चार महिने आम्ही हे अर्धे चित्र पूर्ण समजून पाहत होतो, याची मला आजही लाज वाटते.

हे उघडकीस आणण्याचे श्रेय माझ्या सहा वर्षांच्या मुलीला द्यायला हवे. तिने साध्या ए-चार कागदावर घर, झाड आणि या वयाची मुले जिथे काढतात तिथे, अगदी वरच्या कोपऱ्यात, सूर्य असे चित्र काढले. मी त्याचा फोटो चौकटीवर टाकला. आडव्या ए-चार कागदाचे वरून दोन आणि खालून दोन सेंटिमीटर या हिशेबात कापले जातात, आणि नेमक्या त्या वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये तिचा सूर्य होता. पडद्यावर फक्त किरण आले. ती काही वेळ पाहत राहिली आणि ‘आई, माझा सूर्य कुठे गेला?’ एवढेच म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने काढलेल्या तिन्ही चित्रांत सूर्य कागदाच्या मध्यावर उतरला होता, घराच्या दारासमोर, एखाद्या पाहुण्यासारखा. एका यंत्राच्या मेनूतल्या खुणेमुळे मुलीने आपले आकाश खाली आणावे, हे मला सहन झाले नाही.

मी रीतसर तक्रार केली. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की बहुतेक ग्राहकांना कडेच्या काळ्या पट्ट्या आवडत नाहीत, म्हणून ही सोय चालू ठेवलेली असते. असेलही तसे. पण हे उत्तर ऐकताना मला डच चित्रकार रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ची आठवण झाली. १६४२ साली पूर्ण झालेले ते भव्य चित्र १७१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना तिथल्या भिंतीवर बसेना, तेव्हा चारही बाजूंनी कापण्यात आले. सर्वांत मोठी पट्टी, सुमारे साठ सेंटिमीटरची, डावीकडची गेली आणि तिच्याबरोबर तिथल्या आकृतीही गेल्या. कापलेले तुकडे पुन्हा कधी सापडले नाहीत. कापण्यापूर्वी केलेल्या एका लहान प्रतीच्या आधारे संगणकाच्या मदतीने ते भाग नव्याने तयार करून २०२१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने काही काळ मूळ चित्राभोवती लावले होते. तीनशे वर्षांपूर्वी भिंतीची सोय पाहिली गेली, आज पडद्याची पाहिली जाते; फरक इतकाच की आज कापणे मेनूत जाऊन बंद करता येते. मात्र तो मेनू सहा पाने आत आहे आणि प्रत्येक अपडेटनंतर ही सोय आपोआप पुन्हा चालू होते. चौकट दुरुस्तीला जाईपर्यंत मी ती पाच वेळा बंद केली होती.

शेवटी मीच उपाय काढला, आणि इथून माझे मत बदलू लागले. चित्र पडद्याच्या मापाच्या, म्हणजे १९२० बाय १०८० च्या, कोऱ्या पानावर मधोमध ठेवायचे, कडेला फिकट राखाडी किंवा कागदासारखा पांढुरका रंग भरायचा आणि पेन ड्राइव्हवरून द्यायचे. मग कापायला काही उरतच नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चित्र आधीच सोळास नऊ असते. एका चित्राला पाच मिनिटे लागतात. कडेला मोकळी जागा मिळाली की चित्र भिंतीपासून सुटे होते आणि डोळा त्याच्यावर टिकतो. फ्रेम करणारे लोक चित्राभोवती जाड कागदाची चौकट का घालतात, हे मला या वयात कळले.

याच ओघात कंपनीचे वार्षिक सदस्यत्व बंद केले, आणि काटकसरी स्वभावाला याचे समाधान अधिक झाले हे लपवत नाही. त्या सदस्यत्वात मिळणारी बहुतेक जुनी चित्रे मुळातच सर्वांसाठी खुली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कोणत्याही वापरासाठी मोकळ्या केल्या, आणि ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, म्हणजे वर सांगितलेल्या मोलकरणीचे आणि ‘नाइट वॉच’चे घर, आपली चित्रे मोठ्या आकारात उतरवून घेऊ देते. जे फुकट आणि अखंड मिळते, ते कापून भाड्याने का घ्यावे?

दुसरा बदल वेगाचा. सुरुवातीला दर मिनिटाला चित्र बदलत असे आणि आठवड्याभरात घरातले कोणीच तिकडे पाहीनासे झाले. चौकट आगगाडीच्या खिडकीसारखी झाली होती. आता एक चित्र पूर्ण आठवडा राहते. पीटर ब्रुगेलचे १५६० मधले मुलांच्या खेळांचे चित्र लावले, तेव्हा त्यात दोनशेहून अधिक मुले आहेत एवढेच मी सांगितले होते. मुलीने आणि तिच्या बाबांनी रोज रात्री एकेक खेळ शोधला. खालच्या डाव्या कोपऱ्यात दोघी जणी सागरगोट्यांसारखा हाडांचा खेळ खेळत आहेत, हे तिने दुसऱ्याच दिवशी ओळखले, आणि त्यावरून घरात कधी नव्हे ते सागरगोटे आले. हे चित्र पडदाभर केले असते, तर उंचीचा जवळजवळ पाव भाग गेला असता. मुलीचा सूर्यही त्यानंतर हळूहळू वर सरकला आणि आता कोपऱ्यात परतला आहे.

एक गोष्ट मात्र यंत्र कधीच सांगत नाही : मूळ चित्र केवढे आहे. आमच्या पडद्याची उंची सुमारे चाळीस सेंटिमीटर. जपानी चित्रकार होकुसाईचे लाटेचे प्रसिद्ध चित्र मुळात ३८ सेंटिमीटर रुंदीच्या कागदावरचे, हातात धरून पाहायचे. ते इथे मुळाच्या दीडपट होते. साडेचार मीटर रुंद ‘नाइट वॉच’ नऊ-दहा पटींनी आक्रसते आणि त्यातली माणसे बाहुल्यांसारखी दिसतात. दूध ओतणारी मात्र मूळ उंचीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटरनेच लहान राहते, आणि कदाचित म्हणूनच तीच आमच्या घरात सर्वांत जास्त रुळली. तेव्हापासून मी घरात लावायला मुळात लहान असलेली चित्रेच शोधते.

विजेचे थोडक्यात. मी मोजले तेव्हा चौकट ३८ वॅट घेत होती. सोळा तास चालू ठेवली तर महिन्याला सुमारे अठरा युनिट होतात. पाच तासांवर आणल्यावर ते सहाच्या आत आले आणि कोणाचेही काही बिघडले नाही. खोलीत कोणी आले की आपोआप सुरू होणारी सोय निरुपयोगी आहे, कारण सासूबाई आरामखुर्चीत स्तब्ध बसून चित्र पाहतात आणि यंत्राला वाटते खोलीत कोणीच नाही.

बिघाडाकडे परत येते. सेवा केंद्राने आधी पडदाच गेल्याचे सांगितले, मग सुटा भाग मागवल्याचे, आणि अठराव्या दिवशी कळले की फक्त विजेचा अडॅप्टर गेला होता. तो बदलायला दहा मिनिटे पुरली असतील. तुमची चौकट कधी काळी पडलीच, तर आधी त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक ॲम्पिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा.

घ्यावी का? पेन ड्राइव्ह चालत असेल तर घ्या, नसेल तर घेऊ नका. सदस्यत्व तर मुळीच नको. चौकट परत आल्यावर भिंतीवर चढवून सुरू केली, तर दुरुस्तीत सगळ्या सोयी मूळ जागी गेलेल्या होत्या आणि यंत्राने आपल्या साठ्यातली मोलकरीण समोर आणली. मी स्टुलावरून उतरायच्या आतच खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला, ‘अगं, तिची पाय शेकायची पेटी पुन्हा कापली बघ त्यांनी.’ मी सहाव्यांदा मेनू उघडला.