तेल तोलणारा काटा : सहा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ३९९ रुपयांना घेतलेला पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमच्या फरकाने वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा मी रोज दोन्ही वेळा वापरला आहे. एप्रिलमध्ये मी त्याला एकच तारा दिला होता. तो मागे घेऊन आज तीन देत आहे. उरलेले दोन का अडवून ठेवले, तेही पुढे सांगतो.

रक्तातील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला आणि वजन ८४.६ किलो भरले, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी हातात एक कागद दिला. त्यावर दुपारी दीड भाकरी, रात्री एक भाकरी, दिवसभरात तेल चार छोटे चमचे, म्हणजे २० ग्रॅमच्या आत, असे लिहिलेले होते. कागद सोपा होता, पण भाकरी हे काही माप नव्हे. पहिल्याच दिवशी काट्यावर ठेवून पाहिले, तर सौभाग्यवतीची भाकरी ९० ग्रॅम भरली आणि आईची १३५. म्हणजे आईच्या हातची दीड भाकरी खाऊन मी नियम पाळल्याचे समाधान मानले असते, तरी पोटात सौभाग्यवतीच्या सव्वादोन भाकरी गेल्या असत्या. आमची आई शिरपूरकडची. मी भाकरीचा तुकडा मोडून काट्यावर ठेवलेला पाहून तिने विचारले, "भाकर तोलीसन खास का रे? ती काय सोनं से?" (भाकरी तोलून खातोस का रे? ती काय सोनं आहे?) त्या दिवसापासून घरात या काट्याचे नाव 'सराफ' पडले.

पहिल्या आठवड्यात वजन २.१ किलोने उतरले आणि मी हुरळून गेलो. बाईंनी लगेच जमिनीवर आणले. शरीरातील साठवणीची साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी झाले की आधी ही साठवण वापरली जाते आणि तिच्याबरोबरचे पाणीही जाते, त्यामुळे या दोन किलोंत चरबीचा वाटा थोडाच होता. त्यानंतरचे अकरा दिवस वजन तसूभरही हलले नाही. नव्या आहाराचा खरा कस या अकरा दिवसांत लागला, कारण संध्याकाळी साडेपाचला कार्यालयातून परतल्यावर भूक अशी काही खवळत असे की फरसाणाच्या डब्याकडे हात आपोआप जाई. त्या वेळी माझी निष्ठा वगैरे काही कामी आली नाही. 'खायचे ते खा, पण आधी तोलून वहीत लिहा' हा एकच नियम कामी आला. २५ ग्रॅम शेव वाटीच्या तळाशी किती केविलवाणी दिसते, हे पाहिल्यावर आणि तो आकडा स्वतःच्या अक्षरात लिहावा लागल्यावर दुसरी मूठ भरायला हात धजत नाही.

नवव्या दिवशी यावलकडे नातेवाइकांच्या शेतात भरीत पार्टी होती. काटा पिशवीत घालून नेला, त्यावरून यथेच्छ टिंगल झाली. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून, सोलून, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे अशी तयारी चालली असताना मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सपाट जागा शोधली आणि तेलाची बाटली फोडणीच्या आधी व नंतर तोलली. फरक ८५ ग्रॅम आला. वांगी साधारण एक किलो होती. वांग्याच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम २५ कॅलरी असतात, म्हणजे सगळ्या वांग्यांच्या मिळून अडीचशे झाल्या. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ या हिशेबाने ८५ ग्रॅमच्या ७६५ झाल्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आम्ही भरीत म्हणून जे खातो त्यात वांग्याच्या तिप्पट कॅलरी तेलाच्या असतात, हे त्या ट्रॉलीत पहिल्यांदा कळले. भरीत खाल्ले, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरीही खाल्ली. मात्र दुसऱ्या वाढीला नको म्हणालो.

आता दोषाविषयी. हा काटा दोन मिनिटांनी आपोआप बंद होतो. पातेले ठेवून आकडा शून्यावर आणावा, मेथी निवडायला घ्यावी, तेवढ्यात दारावर दूधवाला यावा, आणि परत येईपर्यंत पडदा काळा झालेला असावा! पुन्हा चालू केला की तो भरलेल्या पातेल्यालाच शून्य मानतो, त्यामुळे आत किती घातले होते ते कळण्याचा मार्ग उरत नाही. बटण दाबत राहावे तर कणकेच्या हाताने ते उमटत नाही. दोन सेल वाचावेत म्हणून ही सोय केली असेल तर ती ज्याने केली त्याने कधी पाच माणसांची भाजी केलेली नसावी. शेवटी प्रत्येक भांड्याचे रिकामे वजन तोलून (लोखंडी कढई १,४१०, परात ९६५) तो कागद मी फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. तेलासाठी तर शून्यावर आणण्याच्या भानगडीत न पडता बाटलीच आधी आणि नंतर तोलतो. एक लिटर तेलाचे वजन ९१० ग्रॅम भरते, हे पिशवीवर छापलेले असूनही मी पहिले दहा दिवस मिलिलिटरलाच ग्रॅम समजून वहीत लिहीत होतो, ही चूक मात्र काट्याची नव्हे.

एप्रिलमध्ये आकडे नाचू लागले. परातीतले पीठ कधी ४०३, कधी ४११. विक्रेत्याशी चार वेळा बोललो. बदलून देण्याची मुदत सात दिवसांची होती आणि ती संपली होती. वर्षाची हमी होती, पण परगावच्या दुरुस्ती केंद्राकडे काटा आपल्या खर्चाने पाठवायचा, म्हणजे ३९९ च्या वस्तूसाठी कुरिअरचे १८० रुपये. त्या संतापात एक तारा दिला. मग काटा उचलून जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या सराफांकडे नेला. त्यांनी हसत आपली प्रमाणित वजने काढली. शंभराला शंभर, पाचशेला ४९९. घरी आणून ओट्यावर ठेवला, तर पुन्हा नाच सुरू. तेव्हा कुठे लक्षात आले की उन्हाळा लागल्यापासून कूलर दारात आणून ठेवला होता आणि त्याचा झोत थेट परातीवर येत होता. कूलर बंद केला आणि आकडा ठाम उभा राहिला. विक्रेत्याचा दुरुस्तीचा नियम आजही मला लुबाडणूक वाटतो, पण काटा निर्दोष होता.

पूर्वी चार माणसांच्या आमच्या घरात १५ किलोचा शेंगदाणा तेलाचा डबा तीन महिन्यांत संपत असे, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ४२ ग्रॅम. फेब्रुवारीच्या मध्यावर फोडलेला डबा या वेळी पाच महिने पुरला, म्हणजे माणशी २५. कागदावरचे २० अजून गाठता आले नाहीत. वजन ७६.९ वर आले आहे, साखरेचा आकडा ५.८. काट्याची किंमत तेलातच कधीची वसूल झाली.

मे महिन्यात उडदाच्या पापडांचे पीठ भिजवताना आईने स्वतःहून सराफ मागवला आणि पापडखार तोलू लागली. पापडखार पडेपर्यंत पडदा विझला. तिने जे उद्गार काढले ते इथे लिहिता येणार नाहीत, पण अडवून ठेवलेले दोन तारे त्यांच्यासाठीच आहेत. नवा घेणाऱ्यांनी आपोआप बंद होण्याची वेळ वाढवता येते का, हे विचारूनच घ्यावा. मी घेणार नाही. हा चालतो आहे.