जुन्या मॅच एअर रायफलचे छोटे भाग बदलले, त्याला नऊ महिने झाले

नेमबाज स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्याच्या कांबळवाडीचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याच दिवसांत आमची लेक रेंजवर जायला लागली. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, हिचा १० मीटर एअर रायफल. वर्षभर क्लबची रायफल वापरल्यावर आम्ही पुण्याच्या एका नेमबाजाकडून जर्मन बनावटीची जुनी मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल घेतली. नवी घेणं आम्हाला शक्य नव्हतं. जुनी घेतल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, पण घेतल्या घेतल्या जे करायला हवं होतं ते आम्ही तीन महिने उशिरा केलं. जुनी रायफल घ्यायच्या विचारात असलेल्या पालकांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

क्लबच्या रायफलवर तिचा ६० शॉट्सचा दशांश गुणांतला स्कोअर (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ५९८ पर्यंत गेला होता. स्वतःच्या रायफलवर तो ५८५ वर आला. शॉट डावी-उजवीकडे जात नव्हते, खाली-वर पसरत होते. सगळ्यांनी तिच्या श्वासाला दोष दिला, मीही दिला. ती एकदा म्हणाली, "आई, शॉट सुटला की गालाला वारं लागतंय." मी वरच्या पंख्याकडे बघितलं आणि तिला समोर लक्ष दे म्हणून सांगितलं. हे लिहितानाही वाईट वाटतं, कारण दुखणं काय आहे ते तिने अगदी नेमकं सांगितलं होतं.

ते कळलं रायफल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. त्यांनी टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडली, छर्रा भरतात त्या जागेवर अलगद ठेवली आणि रायफल टार्गेटकडेच धरून हवेचा एक शॉट सोडला. पट्टी टुणकन उडून खाली पडली. तिथली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबराची कडी, काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या नखापेक्षा लहान, एका बाजूला चपटी झालेली, आणि नखाने दाबली तर बारीक भेगा दिसणारी. छर्ऱ्यामागे जायची हवा थोडी तिथूनच निसटत होती, आणि प्रत्येक वेळी कमी-जास्त.

वेग मोजायच्या यंत्रावर दहा शॉट घेतले तर आकडे सेकंदाला १६१ ते १७२ मीटरच्या दरम्यान. दहा मीटरवर एवढ्या फरकाने छर्रा दोन मिलिमीटरहून जास्त खाली-वर होतो. दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा आणि दशांश गुणाची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची, म्हणजे मुलीची काही चूक नसताना एखाद्या शॉटमागे अर्ध्या गुणापर्यंत जात होतं. शॉट नेहमी सारखाच खाली गेला असता तर साइटवर, म्हणजे नेम धरायच्या भागावर, क्लिक देऊन भागलं असतं. इथे पुढचा कुठे जाईल याचा भरवसाच नव्हता.

मूळ रिंग यायला तीन आठवडे लागणार होते. मला धीर नव्हता, म्हणून उद्यमनगरातल्या ऑइल सीलच्या दुकानातून दहा रुपयांची रिंग आणली. आतला व्यास बरोबर होता, जाडी मात्र दीडऐवजी पावणेदोन मिलिमीटर. बसली, पण छर्रा भरायची कळ बंद करताना जोर लागायला लागला आणि आठव्या दिवशी रिंगेची कड कापली गेली. तेव्हा व्यासाबरोबर जाडीही व्हर्नियरने मोजा, आणि रबर किती कडक आहे तेही विचारा. आम्ही शेवटी कुरिअरसकट २,४०० रुपये देऊन मूळ सेटच मागवला. रक्कम टोचली. पण नवी रिंग बसल्यावर वेग १७० ते १७२ मध्ये आला आणि नऊ महिन्यांनी परवा मोजला तरी तिथेच आहे.

रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट नुसतं पुसल्यासारखं लावायचं. शिलाई मशीनचं किंवा कुठलंही खनिज तेल अजिबात नको. सिलिंडरमधल्या दोनशे बार दाबाच्या हवेशी तेलाची गाठ पडली तर ते पेट घेऊ शकतं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि ट्रिगरच्या आतली यंत्रणा आम्ही घरी उघडत नाही, तुम्हीही उघडू नका.

दुसरा भाग बट प्लेटचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचा, स्क्रू. आटे झिजले होते. कितीही आवळला तरी सराव संपेपर्यंत प्लेट दोन-तीन मिलिमीटर खाली घसरायची, मग मान वाकायची, मग डोळा साइटच्या मध्यावरून हलायचा. हे कळायला साधी युक्ती केली: पांढऱ्या पेन्सिलने प्लेट आणि दांडीवर मिळून एक रेघ ओढली. तासाभरात रेघेचे दोन तुकडे झाले. स्क्रू आणि त्याची चाप-पट्टी दोन्ही बदललं. नुसता स्क्रू बदलून भागेल असं दुकानदार म्हणाला होता, ते खरं निघालं नाही. सरांचं मत असं की वाढत्या वयाच्या मुलांची बट प्लेट दर दोन महिन्यांनी मापून बघावी, आणि ते मला पटलंय. लेक या काळात चार सेंटीमीटर वाढली.

मागच्या साइटचं रबर आणि गाल टेकवायच्या चीक पीसची एक चाकी हेही बदललं. किरकोळ काम, दहा मिनिटांत झालं.

सगळ्यात मोठा खर्च मात्र आधी दिसलाच नव्हता. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेल्या तारखेनुसार त्याची दहा वर्षांची मुदत संपायला चारच महिने उरले होते. स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर असणं ही नेमबाजाचीच जबाबदारी असते. जुनी रायफल बघायला जाल तेव्हा नळीच्या आधी ही तारीख वाचा आणि किंमत त्यावरून ठरवा. आम्हाला विकणाऱ्याने याचा उल्लेख केला नाही. आमचा जुना सिलिंडर स्टीलचा होता, नवा ॲल्युमिनियमचा आला. तो हलका, त्यामुळे रायफलचा तोल मागे सरकला आणि लेकीला पुढचा भाग तरंगल्यासारखा वाटायला लागला. नळीवर छोटं वजन चढवून तोल जागेवर आणण्यात आठवडा गेला. एकूण वजन साडेपाच किलोच्या आत राहतंय ना, हे तेव्हाच काट्यावर बघून घेतलं.

गेल्या महिन्यात तिने ६०९ मारले. त्यात तिचा सराव आहेच, सगळं श्रेय मी रबराला देणार नाही. पण शॉट आता एका जागी पडतात, आणि चुकला तर का चुकला हे तिचं तिला सांगता येतं.

किट बॅगेत आता एक जुना पेनबॉक्स असतो: दोन रिंगा, ग्रीसची डबी, तीन मापांच्या ॲलन की, पांढरी पेन्सिल, टिश्यू. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव सुरू व्हायच्या आधी ती स्वतः पट्टी फाडते, शॉट सोडते आणि पट्टी हलली की नाही ते मला दाखवते.