काठमांडूतलं व्हॉलंटियर ट्रेनिंग, साडेतीन स्टार

एजन्सीचं नाव टाकत नाही. शाळेत शिकवायला काठमांडूला आलेय, त्याआधीचं चार दिवसांचं ट्रेनिंग कालच संपलं. सुरुवात बोंबललेली, एअरपोर्टवर घ्यायला येणार म्हणाले आणि तासभर कोणीच नाही, वर माझं घड्याळ भारतीय वेळेवर, नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. ‘ट्रेनिंग किट’चे वेगळे पैसे घेतले आणि हातात काय, तर अर्धवट पुसट झेरॉक्सचा गठ्ठा!

पण नेपाळी शिकवणाऱ्या दिदी म्हणजे सोनं. लिपी आपलीच असल्याने मी जरा शायनिंग मारत होते, पहिल्याच दिवशी होमस्टेच्या आजींना ‘तिमी’ म्हणाले आणि सगळे फिस्सकन हसले. मोठ्यांना ‘तपाईं’च. दिदींनी मग अर्धा तास नुसतं तँ, तिमी, तपाईं घोकून घेतलं. पाण्याची बाटली तोंड न लावता वरून प्यायची हेही त्यांनीच शिकवलं, ‘जुठो’ म्हणजे आपलं उष्टं, त्यामुळे मला ते लगेच कळलं, बाकीचे अंगावर सांडत बसले.

शाळेच्या हजेरीत विक्रम संवत, सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा. हे आधी मेलवर कळवलं असतं तर रविवारचे प्लॅन केले नसते ना. जेवण मस्त, सकाळी दहालाच डाळभात, मागाल तितका वाढतात. वर्गात मुलं कशी सांभाळायची यावर मात्र जेमतेम एक तास, आणि उद्यापासून मला तेच करायचंय.