केशर एसीच्या खोलीत की मोकळ्या जमिनीत?

केशराला बी धरत नाही. ही वनस्पती वांझ आहे, सगळी लागवड कंदांपासूनच होते. ‘अमेरिकन केशर’ म्हणून पाकिटात बी विकलं जातं ते करडईचं असतं, त्याच्या पाकळ्या म्हणजे केशर नव्हे. त्यामुळे खोली की शेत हे ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात: फुलं कुठे येतील, आणि पुढच्या हंगामाचे कंद कुठे पोसले जातील. खोलीच्या जाहिरातींत पहिलीच गोष्ट सांगितलेली असते.

कंदाच्या आत फूल तयार होतं ते उन्हाळी विश्रांतीत, साधारण २३ ते २७ अंशांना. ते बाहेर पडायला मात्र १५ ते १७ अंश लागतात. काश्मीरमध्ये पांपोरच्या करेवा पठारावर हा बदल आपोआप होतो, म्हणून तिथे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत फुलं येतात. पुणे, नाशिक, अहिल्यानगरकडे ऑक्टोबरात दुपारी पारा तिशीपलीकडे असतो. उघड्यावर लावलेल्या कंदांना कोंब येतात, पानं येतात, पण फुलं थोडी आणि उशिरा. बरीचशी आतच करपतात. विदर्भ-मराठवाड्यात आणि कोकण किनाऱ्यावर उघड्या लागवडीचा विचारच करू नये. महाबळेश्वर-पाचगणीला हवा त्यातल्या त्यात जुळते, पण तिथल्या पावसात जमिनीत राहिलेला कंद हमखास कुजतो. तो मे महिन्यात काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवायचा आणि पाऊस ओसरल्यावरच लावायचा.

खोलीत हे तापमान हातात असतं, तिची जमेची बाजू एवढीच आणि ती मोठी आहे. ट्रेमध्ये कंद मातीविना, कोंब वर करून, एकमेकांना चिकटवून उभे लावतात. ऑगस्टमध्ये २५ अंशांच्या आसपास ठेवून सप्टेंबरअखेरपासून हळूहळू १७ पर्यंत आणतात. आर्द्रता ८० ते ८५ टक्के. इथेच पहिली अडचण येते. साधा स्प्लिट एसी १६ अंशांखाली लावता येत नाही, आणि तो हवेतलं पाणी काढून घेतो. म्हणजे एसी आणि ओलावा वाढवणारा ह्युमिडिफायर एकमेकांविरुद्ध चालतात. भिंती-छताला उष्णता अडवणारं पफ पॅनेल (फोमचे तक्ते) नसेल तर एसी बंदच होत नाही आणि बिल फुगतं. कोंब बाहेर येईपर्यंत अंधार चालतो, नंतर एलईडी लागतात. हवा फिरली नाही तर एवढ्या ओलाव्यात कंदांवर निळसर बुरशी चढते. प्रत्येक रॅकला छोटा पंखा हवाच. कळ्या दिसत असताना वीज सहा-आठ तास गेली आणि खोली तापली, तर कळ्या गळतात. साध्या घरगुती इन्व्हर्टर-बॅटरीवर एसी चालत नाही, म्हणून जनरेटरची सोय आधी करावी.

आता हिशेब. ८ ग्रॅमपेक्षा हलका कंद सहसा फुलत नाही, १० ग्रॅमच्या पुढचेच घ्या. १०० किलोत असे सुमारे १०,००० कंद बसतात. कंदाला दोन फुलं धरली तर २०,००० फुलं. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण १५० फुलं लागतात, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास. एकच फूल आलं तर ६५. कंदाचा भाव किलोला ६०० रुपये धरला तर ६०,००० रुपये कंदांतच जातात. तुम्हाला मिळालेला भाव घालून हे गणित स्वतः करा, त्यात वीज आणि खोलीचा खर्च मिळवा. एकाच वर्षात पैसे सुटत नाहीत, त्याच कंदांपासून दोन-तीन वर्षं फुलं मिळाली तरच काही हाती लागतं.

आणि तिथेच खोली अपुरी पडते. फूल दिल्यावर जुना कंद आटतो. नवे कंद पानांनी सूर्यप्रकाशात बनवलेल्या अन्नावर, मातीत, नोव्हेंबर ते एप्रिल पोसले जातात. ट्रेमध्येच ठेवलेले कंद सुकून जातात. काश्मीरमध्ये पानं एप्रिल-मेपर्यंत हिरवी राहतात. आपल्याकडे ऊन तापायला लागलं की फेब्रुवारी-मार्चलाच पिवळी पडतात, आणि नवे कंद तीन-चार ग्रॅमचे राहतात. पुढच्या वर्षी पान येतं, फूल नाही.

म्हणून मैदानी भागात राहणाऱ्यानं खोली निवडायची तर फुलोरा संपताच कंद बाहेर लावायची जागा आधी पाहावी. निचऱ्याचा गादीवाफा किंवा ग्रो बॅग, अर्धी पोयटा माती, बाकी वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. १० ते १५ सेंटीमीटर खोल, दोन कंदांत १० सेंटीमीटर. लावण्याआधी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीच्या द्रावणात बुडवा, कारण फ्युझेरियम या रोगट बुरशीची कूज एका कंदावरून शेजारच्याला जाते. दुपारी शेडनेट, पाणी बेतानं. घाटमाथ्यावर शेत असेल तर उलट करा: लागवड शेतातच, खोली फक्त कळ्या निघण्याच्या काळापुरती किंवा नाहीच.

काढणी दोन्हीकडे सारखीच. फूल पहाटे खुडायचं, आतले तांबडे तंतू, म्हणजेच केशर, त्याच दिवशी वेगळे करायचे, ४० ते ४५ अंशांत वाळवायचे. ओल्या वजनाचा पाचवा भाग उरतो. उन्हात वाळवलं तर रंग उडतो.

फक्त हौस म्हणून करायचं असेल तर २०० मोठे कंद घ्या. फुलं निघण्याच्या तीन आठवड्यांपुरती एसीची झोपायची खोलीही चालते. त्यातून दोन-अडीच ग्रॅम केशर मिळतं. मे महिन्यात नवे कंद काढून एकेक तोला. निम्मेही ८ ग्रॅमच्या वर नसतील, तर त्या जागेसाठी १०० किलोंची ऑर्डर देऊ नका.